बुडालेल्या ओब्रेनची गुरं

माझा नवरा तिओसाव एका मेलेल्या माणसावर नऊ वर्षं रुसून होता. जित्या माणसावर रुसलं तर कधीतरी समजूत निघते, कुणाच्या लग्नात गाठ पडते, कुणीतरी राकियाचा, फळांच्या दारूचा, पेला पुढं करतं आणि मिटतं. मेलेल्याशी काय मिटवणार? मग रोज सकाळी उठून भांडण माझ्याशी.

त्या शनिवारीही तेच. मी अंगणात रास्पबेरीच्या पेट्या धूत होते. सोमवारपासून तोडणी धरायची होती. तिओसाव रेडिओला कान लावून बसलेला. रेडिओवाली बाई अगदी गोड आवाजात सांगत होती की पश्चिमेकडून गार हवा सरकत येतेय, उद्या दुपारनंतर वादळ होईल, काही ठिकाणी गारा पडतील.

"ऐकलंस?" तिओसाव छाती काढून म्हणाला. "उद्या माजं काम हाय."

"तुजं कसलं काम? वळवायला ओब्रेन हाय की."

झालं! त्यानं कॉफीचा पेला असा आपटला की कोंबड्या पळाल्या. "ओब्रेन, ओब्रेन! टेकाडावर इजा कडाडताना राकेटं सोडतो मी, आन् गावाची भाजलेली कोंबडी जाती त्या बुडक्याच्या बायकूला! मला कुनी कधी अंडं तरी दिलं का?"

"मी देते की रोज सकाळी."

"तुजं सोड."

त्याचं खोटं नव्हतं. आमचं व्रानोवो गाव सगळं उतारावर, आणि उतारभर रास्पबेरी. हे फळ म्हणजे नव्या नवरीचं नाक. बोट जोरात लागलं तरी दुखावतं. त्यावर गारा पडल्या तर अर्ध्या घटकेत वर्षाचा घास जातो. म्हणून सरकारनं टेकाडावर पत्र्याची खोली बांधली, रॉकेटं सोडायचा लोखंडी सांगाडा बसवला आणि तिओसावला नेमलं. ढग आला की शहरातून रडारवाले वायरलेसवर सांगतात, अमक्या दिशेला, इतक्या उंचीवर, सोड. रॉकेट ढगात फुटतं, आतली पूड पसरते आणि एका थोरल्या गारेच्या जागी शंभर चिमुकल्या होतात. त्या खाली येईतो पाणी होतात. असं तिओसाव सांगतो. मी वर जाऊन बघितलेलं नाही.

पण गावात त्याच्याआधीचा, आज्या-पणज्यांचा एक उपाय आहे. गारांचा ढग दिसला की बायका अंगणात जेवायचं बुटकं मेज उलटं टाकतात, चारी पाय आभाळाकडे. त्यावर चमचे मांडतात, शेजारी कुऱ्हाड, धार वर करून. आणि मग गावात जो शेवटचा पाण्यात बुडून मेला त्याला नाव घेऊन हाक मारतात. कारण गारांचे ढग ही बुडालेल्याची गुरं. ज्याचा जीव पाण्यात गेला, त्याच्याकडं पाण्याची गुरं राखायला दिलेली असतात. आपल्या गावचा असला तर आपल्या गावाचा कैवार घेतो आणि गुरं दुसरीकडं वळवतो.

नऊ वर्षांपूर्वी आमचा शेजारी ओब्रेन मोरावा नदीवर मासे धरायला गेला तो आलाच नाही. काठावर सदरा, विजार आणि बूट तेवढे सापडले. नदीत गळ टाकून पुरुषांनी सगळे डोह ढवळले. शेवटी अंग न सापडताच चाळिसाव्या दिवसाचं जेवण, चाळिसावा, घातला. त्याच उन्हाळ्यात काळा ढग आला, झिवानाआजीनं ओब्रेनच्या नावानं हाक दिली, त्याची बायको मिलुंका तर गळा फाडून ओरडली, आणि ढग गावाच्या वेशीवरून वळला. तेव्हापासून नऊ उन्हाळे गावात वाटाण्याएवढीसुद्धा गार पडली नव्हती.

मग काय विचारता! मिलुंकाचा मान वाढला. कुणाच्याही घरी सणाला ती वरच्या अंगाला. तिच्या पेट्या ट्रकवर सगळ्यांच्या आधी. आणि बाईनंही मान पचवला हो, बसून खाल्ला नाही. ओब्रेननं तिच्यासाठी काय ठेवलं होतं? डोंगराच्या पायथ्याचा नेच्यांनी भरलेला एक उतार. तो तिनं एकटीनं खणला, खांब रोवले, तारा ओढल्या, रास्पबेरी लावली. गावाचं ते पश्चिमेचं टोक. ढग आला की पहिल्यांदा तिच्या डोक्यावर येतो, मग आमच्या.

तर त्या शनिवारी भांडण अर्धं टाकून मी दुकानात सुतळी आणायला गेले. दुपारची बस आली. बसमधून पिवळे बूट उतरले, मग एक सुटकेस उतरली आणि मग ओब्रेन उतरला.

"रोसांदावहिनी," तो म्हणाला, "वळखलं का?"

मी तीनदा छातीवर क्रूस काढला. तो विरघळला नाही. उलट हसला. पुढचा एक दात सोन्याचा.

"मुडद्या," मी म्हटलं, "तुज्या चाळिसाव्याला जेवून आले मी!"

"कसं झालतं?"

"शिजवलेलं गहू जरा कच्चं व्हतं."

एवढ्यात समोरच्या खानावळीत थाळीभर पेले खाली पडले आणि गाव गोळा झालं. झिवानाआजी काठी टेकत आली. तिनं आधी त्याचा कान ओढून बघितला, मग दंडाला चिमटा काढला. तो "आईगं" म्हणाला तेव्हा कुठं तिचा विश्वास बसला.

"तू बुडाला न्हाईस?"

"न्हाई आजे. मी आस्ट्रियाला गेलतो. ग्राझमधी हाटेलात भांडी घासायला."

"नदीतनं?"

"न्हाई, ट्रकमधनं."

"मंग कापडं कशाला काढलीस काठावर?"

ओब्रेननं बुटांकडं पाहिलं. "मिलुंका शोधत आली आसती, आजे. तिचं तोंड तुला ठावं हाय. जित्याला शोधत ग्राझपतूर आली आसती. मेलेल्याला कोन शोधतंय?"

आजीचा जबडा हलायला लागला. "आरं सटव्या, मंग आमी नऊ वरीस कुनाला हाका मारत व्हतो?"

"कसल्या हाका?"

लोकांनी त्याला सांगितलं. सांगायला नको होतं. जसजसं सांगत गेले तसतसा तो फुगत गेला. कॉलर नीट केली, सुटकेस खाली ठेवली, एक पाय पुढं टाकून उभा राहिला.

"तरीच," तो म्हणाला. "मला उन्हाळा आला की भांडी घासताना सारखी उचकी लागायची. म्हंजी गारा मी थांबवल्या? तितनं? हाताला साबन आसताना? मंग नऊ वर्सांच्या भाजलेल्या कोंबड्या कुटं हायत माज्या?"

झिवानाआजीनं काठी उगारली. म्हातारीचा नेम चांगला. "मरायचं एक काम दिलं व्हतं देवानं तुला, ते बी धड केलं न्हाईस!"

घरी येऊन मी तिओसावला सांगितलं. तो उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. मग गरम पाणी मागितलं, दाढी केली आणि सणाचा कोट घालून अंगणात येरझारा घालू लागला. नऊ वर्षांत इतका हसताना मी त्याला बघितलं नव्हतं.

"कळंल आता गावाला! बुडालेला बुडालाच न्हाई. मंग गारा कुनी थांबवल्या? सांग, कुनी?"

"तू."

"पुन्यांदा म्हन."

"तूच रे बाबा. पन एक इचार केलास का? आजवर गार पडली न्हाई तर नाव ओब्रेनचं. उद्या पडली तर नाव कुनाचं?"

तिओसावनं कोट काढून खुर्चीवर टाकला. त्या रात्री तो जेवला नाही.

त्याच दुपारी मी मिलुंकाकडं गेले. ती उतारावर वाकून रास्पबेरीच्या फांद्या तारेला बांधत होती. सगळं शेत लालेलाल झालेलं. कुंपणाबाहेर सुटकेस घेऊन ओब्रेन उभा.

"मिलुंके, मी आलो."

"कोन?" तिनं मान वर केली नाही.

"मी. ओब्रेन."

"माजा ओब्रेन मेला. त्याचा फोटू हाय भितीला. तुज्यापेक्षा बरा दिसतो."

"आगं, पाठ दुखती माजी. तितं कुनाला घेवड्याची आमटी धड करता येत न्हाई. लई आठवन आली."

"माजी का आमटीची?"

ओब्रेननं जरा विचार केला, तिथंच त्याचं चुकलं. मिलुंकानं गोठ्याकडं बोट केलं. "तितं झोप. आदी गाईला इचार, तिला चालतंय का."

मला हसू आलं, पण तिच्याकडं बघितलं आणि ओठावरच थांबलं. तिनं तीच फांदी तिसऱ्यांदा बांधायला घेतली. सुतळीची गाठ बसत नव्हती.

संध्याकाळी लिंडनच्या झाडाखाली गाव बसलं. देवळापुढचं मोठं झाड ते. उद्या वादळ येणार हे रेडिओनं सगळ्यांनाच सांगितलं होतं. प्रश्न एकच, हाक कुणाला मारायची? नऊ वर्षांत आमच्या गावचा दुसरा कुणी बुडाला नव्हता. कुणीतरी म्हातारा स्तानिमिर सुचवला.

"त्यो तर राकियाच्या पिंपात पडून मेला," मी म्हटलं.

"बुडालाच न्हवं का?"

"दारूत बुडाला. त्याला हाक मारलीस तर त्याची गुरं झिंगून नीट गावातच शिरत्याल."

त्याच्याआधीचा बुडालेला शोधला तर तो वरच्या गावचा, आपला नुसता जावई निघाला. त्याला आपल्या गावाचा कळवळा असायचं कारण नव्हतं. हुंड्यात लंगडी म्हैस दिली होती त्याला.  मग झिवानाआजी बोलली. ट्रक तिच्या नातवाचा, आणि म्हातारी बोलली की नातू मान हलवतो.

"मिलुंकानं नऊ वरीस आमचा मान खाल्ला. नवरा जित्ता आसताना. आता ऐका. उद्या जर गार पडली, तर तिची एक पेटी माज्या ट्रकवर चढनार न्हाई. यंदा न्हाई, फुडल्या वर्सी न्हाई."

"आजे, तिला काय ठावं व्हतं?" मी उठले. "पळाला त्यो. तिनं काय क्येलं?"

"बायकूला ठावं आसतं."

मी भांडले. पण एका तोंडानं गावाशी किती भांडणार? ट्रकवर न चढलेली रास्पबेरी म्हणजे काय ते तुम्हाला सांगते. संध्याकाळी तोडलेलं फळ थंडीच्या गोदामात गेलं नाही तर सकाळी त्याला आंबूस वास येतो आणि दुपारी त्यावर माश्या बसतात. मिलुंकाला ट्रक बंद म्हणजे तो उतार बंद. एकटीनं खणलेली नऊ वर्षं पुन्हा नेच्यांत जायची. मला गावाचा असा संताप आला की मी त्या रात्री शेजारणीच्या हाकेलाही ओ दिली नाही.

रविवारी सकाळी दमट उकाडा असा की मीठ बरणीत पाझरायला लागलं. माश्या चावत होत्या. पाकोळ्या जमिनीला घासून उडत होत्या, आणि धुराड्यातला धूर वर जायचं सोडून छपरावरून खाली घरंगळत होता. हवा हलत नव्हती. क्रस्तात्सच्या डोंगरानं डोक्यावर पांढरी टोपी चढवली होती.

तिओसाव शिदोरी बांधत होता. घाबरला की तो समजावून सांगायला लागतो. "हे बग रोसांदे. आता हितं खाली दमट, ऊन हवा बसलीया. तिकडनं गार हवा येतीया. गार हवा जड. ती पाचरीसारकी खालनं शिरती. मंग ही ऊन हवा जाती कुटं? वर. तडक वर. वर गेली की गार व्हती, तिचा ढग व्हतो, ढगात पानी गोठतं, गोठलेलं खाली पडाया बगतं, खालचा वारा त्येला परत वर फेकतो. खाली-वर, खाली-वर, आन् गार मोटी व्हत जाती."

"म्हंजी सासू सैपाकघरात शिरल्यावानी," मी म्हटलं. "ती खालनं शिरती, सून वर उडती, आन् मदल्यामदी भांडी आपटत्यात."

"तसंच," तो म्हणाला, आणि हसला सुद्धा नाही. दारातून परत आला. "रोसांदे, जर न्हाई जमलं तर?"

"जमंल. नऊ वरीस कुनी जमवलं?"

तो टेकाडावर गेला.

दुपारनंतर डोंगराच्या मागून ढग चढला. मी पुष्कळ ढग बघितलेत, पण असा नाही. वरून फुलकोबीसारखा पांढराफेक, पोट काळं, आणि काळ्याच्या खाली हिरवट उजेड. आधी जमिनीवरून गार वारा सुटला. धूळ, पाचोळा, कुणाची चादर, सगळं उडालं. अंगावर काटा आला. मग आवाज आला. वीज नव्हे ती. अक्रोडाची भरलेली गाडी दगडी रस्त्यावरून कुणी आणत असावं तसा खडखडाट, न थांबणारा. म्हातारी माणसं त्या आवाजाला ओळखतात. गारा ढगातच एकमेकींवर आपटत असतात.

बायका अंगणात धावल्या. मेजं उलटी पडली, चमचे खणखणले, कुऱ्हाडी आल्या. झिवानाआजी आमच्या अंगणात आली, कारण आमचं अंगण उंचावर. तिनं दोन्ही हात वर केले, तोंड उघडलं आणि तशीच राहिली. नावच नव्हतं! नऊ वर्षं जिभेवर बसलेलं नाव, आणि तो माणूस काल खानावळीत बसून डुकराचं मांस खात होता.  तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते मी बघितलं. तिचेही मळे होतेच की.

टेकाडाकडं बघितलं तर तिओसाव खोलीच्या दारात उभा, कानाला वायरलेस. रॉकेटं चढवलेली. सोडत नव्हता. मी इथून ओरडले, "सोड की रं!" तो वरून ओरडला, "इमान चाललंय ढगावरनं! थांब म्हनत्यात!"

आणि त्या वेळी रस्त्यावरून मिलुंका आली. एका हातात ओब्रेनची कॉलर. तो गोठ्यातल्या गव्हाणीत लपला होता. केसांत गवत, एका पायात पिवळा बूट, दुसरा अनवाणी. तिनं त्याला आमच्या अंगणात आणला आणि उलट्या मेजाच्या चार पायांमध्ये उभा केला, चमच्यांवर.

"मिलुंके, हे काय—"

"गप! मेलेला बोलत न्हाई!"

मग ती त्याच्यापुढं उभी राहिली, कमरेवर हात, आणि आभाळ फाटंल असा आवाज लावला.

"ओ ओब्रेनाऽऽ! बुडालेल्या ओब्रेनाऽऽ! वळव तुजी पांढरी गुरं! न्हे त्येंना उजाड पठारावर, जितं पीक न्हाई, जितं कोंबडा न्हाई, जितं बाईमानूस रडत न्हाई!"

ओब्रेन थरथरत उभा. ढग येतच होता. मिलुंकाचा चेहरा लाल झाला. आणि मग ती नेहमीची हाक सोडून भलत्याच वाटेनं निघाली.

"आरं ए मुर्दाडा! एक गाय तुला कधी वळवता आली न्हाई, गुरं काय वळवतोस! मला नेच्यांत टाकून गेलास! ह्या हातांची सालं निघाली तवा तू कुटं व्हतास? माजी आई मेली तवा कुटं व्हतास? हिवाळ्यात छप्पार पडलं तवा? आता आलास, आमटी खायाला? हो मागं! हो मागं म्हनते!"

कुणाला म्हणत होती, त्याला की ढगाला, देव जाणे. पण ती "हो मागं" म्हणाली आणि ओब्रेन एक पाऊल मागं झाला. झिवानाआजीला सूर सापडला. "हो मागं, आळश्या!" ती किंचाळली. मग मी राहीन का? मी ओब्रेनच्या तोंडाकडं बघून तिओसावची सगळी उणीदुणी काढली. खालच्या अंगणातल्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांची काढली. प्रत्येकीकडं साठा होताच. साऱ्या उतारावरून "हो मागं! हो मागं!" असा गलका उठला. पुरुष घरात शिरून दारं लावू लागले.

तेवढ्यात टेकाडावरून पहिलं रॉकेट सुटलं. मग दुसरं, तिसरं. ढगाच्या काळ्या पोटात ती एकामागून एक शिरली, आतून धपधप आवाज आला.

ढग मिलुंकाच्या उतारापाशी आला होता. तिथं तो अडखळला. खरं सांगते, अडखळला. मग त्याचं काळं पोट हळूहळू उत्तरेला सरकलं आणि खडखडाट उजाड पठारावर गेला, जिथं नुसते दगड आणि काटेरी झुडपं. आमच्यावर आला तो पाऊस. जाड थेंबांचा, सरळ, मऊ. कुठल्याही फळाला न दुखावणारा.

गार पडली ती एकच. अक्रोडाएवढी. ती ओब्रेनच्या टाळूवर पडली.

"आईगं!" तो खाली बसला. पावसात भिजत मिलुंका त्याच्याकडं बघत होती. मग ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि मी तिला धरून आत नेली.

रात्री झाडाखाली पुन्हा गाव बसलं. भांडण जोरात. तिओसाव म्हणाला, राकेटं. झिवानाआजी म्हणाली, हाक. खानावळवाला म्हणाला, वारंच फिरलं. कुणी कुणाचं ऐकेना. शेवटी आजीनं काठी आपटली.

"कशानं गेलं ते देवाला ठावं. आपल्याला एवडंच ठावं, की काय काय केलं तवा गेलं. मंग त्यातलं काय बी सोडायचं न्हाई. तिओसावनं राकेटं सोडायची. मिलुंकानं वरडायचं. आन् ह्यो," तिनं डोक्याला फडकं बांधलेल्या ओब्रेनकडं काठी केली, "ह्यो उन्हाळाभर मेलेला ऱ्हाईल. वसंतात पहिल्या गडगडाटापास्नं आलुबुखाराची तोडनी संपस्तोवर. थंडीत जगू दे."

"म्हंजी काय करायचं?" ओब्रेननं विचारलं.

"मेलेला काय करतो? खानावळीत बसत न्हाई. राकिया पीत न्हाई. बायकूला उलट बोलत न्हाई."

"आन् जेवन?"

"त्ये मिलुंका बगंल," आजी म्हणाली. "आन् मिलुंके, उद्या तुज्या पेट्या पयल्या ट्रकवर."

दुसऱ्या दिवशी झिवानाआजी आमच्या दारात आली. हातात फडक्यात बांधलेली भाजलेली कोंबडी. तिओसावकडं न बघता तिनं ती मेजावर ठेवली. "अर्धीच हाय," म्हणाली. "अर्धी मिलुंकाला दिली." तिओसावनं ती एकट्यानं खाल्ली, तंगडीसुद्धा मला दिली नाही, आणि हाडं धुऊन फळीवर ठेवली.  नऊ वर्षांची भूक होती ती.

तोडणी जोरात चालली. मिलुंकाच्या ओळींत ओब्रेन टोपली घेऊन वाकलेला असायचा. मुकाट. काही बोलायला तोंड उघडलं की मिलुंका नुसती पश्चिमेकडं बघायची, की त्याचं तोंड मिटायचं. त्याच्यासारखा कामसू मेलेला मी बघितला नाही.

एका दुपारी आम्ही दोघी बांधावर भाकरी खात होतो. मी विचारलं, "मिलुंके, एक खरं सांग. तुला खरंच ठावं नव्हतं?"

तिनं चीज मोडलं, अर्धं मला दिलं. "काठावर कापडं सापडली तवा मी गेलते न्हवं? सदरा घडी घातलेला. विजार घडी घातलेली. मोजे बुटात. रोसांदे, त्या मानसानं उभ्या जन्मात कधी कापडाची घडी घातली नव्हती. तवाच समजले. बुडनारा घडी घालत न्हाई. घडी घालतो त्यो जानारा."

मी भाकरी खाली ठेवली. "आन् नऊ वरीस त्याच्या नावानं वरडत व्हतीस?"

"मंग? आनिक कुटं वरडू? घरात वरडायला कुनी नव्हतं. ढग आला की तेवडं बरं वाटायचं."

ऑगस्ट आला. एके सकाळी मी दूध द्यायला तिच्याकडं गेले, तर अंगणात ओब्रेन. दोरीवरचे कपडे काढून बाकावर एकावर एक ठेवत होता. नीट, कोपऱ्याला कोपरा लावून, हातानं सुरकुत्या मोडत. घड्या घालत होता!  दुधाची किटली तिथंच ठेवून मी उतारावर धावत सुटले.

"मिलुंके! मिलुंके गं! ओब्रेन कापडाच्या घड्या घालतोय!"

मिलुंका फांद्या छाटत होती. कात्री थांबली.  क्षणभर ती आपल्या घराकडं बघत राहिली.

"कुनाची कापडं?" तिनं विचारलं. "त्येची का माजी?"

मी आठवून बघितलं. निळ्या ठिपक्यांचा झगा, पांढरा पेटीकोट, लोकरीचे लांब मोजे.

"तुजी."

मिलुंकानं पुन्हा कात्री चालू केली.

"मंग ऱ्हातोय," ती म्हणाली.

परत येताना ओब्रेन अंगणातच होता. मला बघून हसला, सोन्याचा दात चमकला, आणि काही सांगायला तोंड उघडलं. मी आभाळाकडं बघितलं. ढगाचा ठिपका नव्हता. पण आलुबुखार अजून झाडावर होते, म्हणजे तो अजून मेलेलाच, म्हणून मी दूध पातेल्यात ओतलं, किटली उचलली आणि चालू लागले.